एसटी, पण लालपरी नव्हे

मे महिना, बाहेर ४५ डिग्री, आणि घरात वाद हा की कूलर जास्त ओरडतो का माझ्या लॅपटॉपचा पंखा. लॅपटॉप जुना, रॅम ४ जीबी, त्यातली एक जीबीच्या वर तर नुसता डेस्कटॉपच खाऊन बसायचा, वरून ब्राउझर उघडला की झालंच. म्हणून मग सकलेसवाल्यांच्या टूल्सच्या नादी लागलो, म्हणजे लिनक्ससारख्या सिस्टिमसाठी अगदी छोटे, साधे प्रोग्राम लिहिणाऱ्या मंडळींच्या.

डीडब्ल्यूएम हा त्यांचा विंडो मॅनेजर, म्हणजे स्क्रीनवरच्या खिडक्या मांडणारा प्रोग्राम, कोड २००० ओळींच्या पुढे जाऊ द्यायचा नाही अशी अट त्यांनी स्वतःवरच घालून घेतलीय. सेटिंगची खिडकी वगैरे काही नाही, कॉन्फिग डॉट एच नावाची सी भाषेतली फाईल उघडा, आकडा बदला, मेक ही कमांड मारून प्रोग्राम परत कंपाईल करा, बाहेर पडून परत या. मित्र बाजूला बसून बघत होता, म्हणे, "काहून बे, फॉन्ट मोठा करायला कंपायलर लागते काय?" हाव, लागते. पण दोन-चार सेकंदात होतं आणि पंखा तोंडातून ब्र काढत नाही. (पॅचचं, म्हणजे कोडमध्ये वरून लावायच्या तयार बदलांचं, मात्र विचारू नका, दोन पॅच एकाच ओळीवर भांडले की रविवार गेला.)

कमांड टाइप करायची खिडकी म्हणजे टर्मिनल, त्यांच्या टर्मिनलचं नाव एसटी, सिंपल टर्मिनल. आपल्याकडे एसटी म्हटलं की लालपरीच आठवते, ही त्याहून साधी, हिच्यात वर स्क्रोल करून मागचं बघायचीही सोय मुळात नाही, पॅच लावा नाहीतर टीमक्स वापरा. मी टीमक्स वापरतो, ते टर्मिनलमधलं काम खिडकी बंद झाली तरी चालू ठेवतं, आणि मी ते सर्व्हरवर चालू ठेवतो, कारण उन्हाळ्यात लाईन जाते, राऊटर बंद, सर्व्हरशी जोडणारं एसएसएच कनेक्शन तुटलं, पण तिकडे काम चालूच असतं, लाईन आली की टीमक्स अटॅच मारायचं आणि कर्सर जिथल्या तिथे लुकलुकत असतो. एवढ्या एका गोष्टीसाठी मी त्याचे बाकीचे सगळे विचित्र शॉर्टकट माफ केलेत.

आता खरं दुखणं. परवा आई म्हणाली, "अरे, किराण्याची यादी उघडून दे ना." मी तोऱ्यात डीमेन्यू उघडला, म्हणजे नावं टाइप करून निवडायची सकलेसवाल्यांचीच पट्टी, फाईलींची नावं त्यात टाकायची माझी छोटी स्क्रिप्ट आहे, आणि आई चष्मा सारखा करत बघतच राहिली, "हे काय लिहिलंयस?" किराणा मधला क चा इकार क च्या मागे जाऊन र च्या डोक्यावर बसलेला. युनिकोडमध्ये आधी क आणि मग इकार असंच साठवलेलं असतं, दाखवताना तो पुढे आणायचं, जोडाक्षरं जोडायचं, रफार उचलून वर ठेवायचं काम हार्फबझसारखी वेगळी लायब्ररी करते. डीमेन्यू थेट एक्सएफटी या फॉन्ट काढणाऱ्या लायब्ररीकडून अक्षरं काढून घेतो, आलं तसं ठेवून देतो. मग मी बसून एकेक शब्द टाकून बघितले. नागपूर बऱ्यापैकी नीट दिसतं, कारण त्यात पुढे-मागे करायला काही नाहीच. विदर्भ लिहिला की इकारही चुकतो आणि रफारही. यावर राजकीय विनोद तुम्हीच करा.

सकलेसवाल्यांवर राग नाही, सोर्स उघडा आहे, आणि लिगेचर नावाचा एक पॅच एसटीला हार्फबझ जोडतो पण, तरी टर्मिनलच्या सारख्या चौकटींत आपली अक्षरं कोंबायची कशी हा घोळ उरतोच. पण खटकतं ते हे की "जास्तीचं काढून टाका" म्हणताना जास्तीचं काय हे ज्याला रोमन लिपी पुरते तोच ठरवतो. माझ्यासाठी इकार जास्तीचा नाही ना राव.

सध्या मराठी बघायचं असलं की एमएलटर्म हे दुसरं टर्मिनल उघडतो, त्याला भारतीय लिप्या समजतात, बाकी सगळं एसटीत. आईची यादी मी इंग्रजी अक्षरांत नाव देऊन ठेवली होती, तिने ती स्वतः परत मराठीत करून ठेवलीय, फाईल मॅनेजरमधून.