ह्योचांगच्या पायऱ्यांवर बसून: किम योंग-सिकच्या मागावर एक दिवस

सोलमधल्या दोंगदेमुनच्या मेट्रो स्टेशनातून वर आलो, तेव्हा समोर मैदान दिसणार नाही हे मला ठाऊक होतं. तरी कोल्हापूरच्या माणसाची खोड जात नाही. नव्या गावात पाऊल टाकलं की आधी विचारायचं, फुटबॉलचं ग्राउंड कुठंय? इथलं ग्राउंड जपानी राजवटीत, 1925 साली बांधलेलं. ते 2007-08 मध्ये पाडलं. त्या जागी आता झाहा हदीद यांच्या आराखड्याची चंदेरी, कुठंही कोपरा नसलेली अवाढव्य इमारत पसरली आहे. पोरंपोरी तिच्यासमोर उभं राहून फोटो काढत होती. मी मात्र मान वर करून प्रकाशझोतांचे दोन उंच मनोरे शोधत होतो. ते तेवढे ठेवलेत. आपल्या शाहू स्टेडियमवर उद्या असं काही झालं तर पेठांमध्ये काय होईल, हा विचार मनात आला आणि लगेच झटकून टाकला.

मला हवा होता किम योंग-सिक. कोरियन फुटबॉलचा थोरला बुजुर्ग. 1910 साली ह्वांगहे प्रांतात जन्मला. तो भाग आज उत्तर कोरियात आहे, म्हणजे त्याच्या गावी जायचा प्रश्नच नव्हता. ज्या वर्षी जपानने कोरिया गिळला त्याच वर्षी हा जन्मला. पस्तिसाव्या वर्षापर्यंत त्याला स्वतःचा देश असा नव्हताच, आणि त्याची सगळी उमेदीची वर्षं त्यातच गेली.

तेव्हाच्या फुटबॉलची नशा मला लगेच कळली, कारण ती घरचीच वाटली. 1929 पासून सोल आणि प्याँगयांग या दोन शहरांच्या संघांत मॅच व्हायच्या. दोन्हीकडचे प्रेक्षक इतके इरेला पेटायचे की हाणामाऱ्यांमुळे 1935 नंतर त्या बंद पडल्या. कोल्हापूरची मंगळवार पेठ आणि शिवाजी पेठ मैदानात समोरासमोर ज्यांनी पाहिली आहे त्यांना यापुढे समजावून सांगायला नको. स्वातंत्र्यानंतर 1946 साली सोलला पुन्हा एकदा मॅच झाली. मग सीमा बंद झाली आणि दोन्ही पेठांचे दोन देश झाले.

1935 सालीच सोलच्या संघाने, म्हणजे जपान्यांच्या भाषेत 'केइजो'च्या संघाने, तोक्योला जाऊन अखिल जपान स्पर्धा जिंकली. फायनल 6-1. एवढं झाल्यावर पुढच्या वर्षीच्या बर्लिन ऑलिंपिकच्या संघात निम्मे कोरियन असायला हवेत की नाही? निवडले दोन. त्यातलाही एक जण रागाने सोडून गेला. उरला एकटा किम योंग-सिक. तो गेला.

तो का गेला, हाच प्रश्न मला सोलला घेऊन आला होता. जपानची जर्सी घालायची म्हणजे नेमकं काय करायचं? 4 ऑगस्ट 1936 ला बर्लिनमध्ये जपान आणि स्वीडन. हाफटाइमला स्वीडन 2-0 ने पुढे. मग जपानने तीन गोल मारले आणि 3-2 ने मॅच काढली. युरोपला धक्काच बसला. जपानमध्ये ती मॅच आजही 'बर्लिनचा चमत्कार' म्हणून ओळखली जाते. त्या चमत्कारात एक कोरियन होता. तीन दिवसांनी इटलीने 8-0 ने उडवलं आणि विषय संपला.

त्याच बर्लिनमध्ये, 9 ऑगस्टला, सोन गी-जोंग मॅरेथॉन जिंकला, तोही जपानच्या नावावर. सोल स्टेशनच्या मागच्या चढावर त्याच्या जुन्या शाळेच्या आवारात आता त्याचं स्मारक आहे. तिथं मी दुपारी गेलो. विजेत्याला मिळालेल्या ओकच्या रोपाचं झालेलं झाड बघितलं. व्यासपीठावर ते रोप छातीशी धरून त्याने जपानचं चिन्ह झाकलं होतं, मान खाली घातली होती. 'दोंग-आ इल्बो' या वर्तमानपत्राने नंतर त्याच्या फोटोतलं ते चिन्ह पुसून टाकलं आणि त्यापायी अनेक महिने बंदी सोसली. सोनची गोष्ट कोरियातलं शाळकरी पोरही सांगतं.

झाडाखाली बसून मला किमची कणव आली. धावणारा एकटा असतो. जिंकल्यावर मान खाली घालायला त्याला जागा मिळते. फुटबॉलवाल्याने काय करायचं? त्याने चेंडू अडवायचा, वर बघायचं आणि पास द्यायचा. तो पासही जपानी खेळाडूलाच. जर्सी नको म्हणून पास चुकवता येत नाही, कारण पाय ऐकत नाहीत. हा आपला माझा अंदाज. पेठेकडून दहा वर्षं खेळलेल्या माणसाचा, इतिहासकाराचा नव्हे.

संध्याकाळी ह्योचांगला पोचलो. तिथं मात्र ग्राउंड जिवंत आहे. 1960 मध्ये आशियाई करंडकासाठी बांधलेलं. कोरियाने इथं व्हिएतनामला 5-1, इस्रायलला 3-0 आणि तैवानला 1-0 ने हरवून करंडक उचलला. त्यानंतर आजवर तो त्यांना मिळालेला नाही. (खेळाडूंना दिलेली सुवर्णपदकं नुसत्या मुलाम्याची निघाली आणि त्यांनी ती परत केली, असं सांगतात. तेव्हापासून 'पदकांचा शाप' लागला म्हणे. पदाधिकारी ही जात सगळीकडे सारखीच.)

ग्राउंडच्या शेजारी, झाडीत, कबरी आहेत. स्वातंत्र्यलढ्याचे नेते किम गू यांची. 1932 मध्ये जपानच्या सम्राटाच्या ताफ्यावर बॉम्ब फेकणाऱ्या ई बोंग-चांगची. त्याच वर्षी शांघायमध्ये जपानी अधिकाऱ्यांवर बॉम्ब टाकणाऱ्या युन बोंग-गिलची. आणखी एक स्वातंत्र्यसैनिक आन जुंग-गुन, त्याच्यासाठी एक रिकामी जागा, कारण त्याचे अवशेष अजून सापडलेले नाहीत. इथं स्टेडियम बांधायला तेव्हा बराच विरोध झाला होता. मी आधी कबरींना नमस्कार केला, मग ग्राउंडच्या पायऱ्या चढलो. बॉम्ब टाकणारे आणि जपानसाठी पास देणारा, सगळे एकाच पिढीचे. बर्लिनच्या वेळी ई आणि युन यांना मृत्युदंड होऊन चार वर्षंही झाली नव्हती.

खाली शाळकरी पोरांची मॅच चालू होती. पायऱ्यांवर एक आजोबा किंबापचा, म्हणजे भाताच्या गुंडाळ्यांचा, डबा उघडून बसले होते. मोबाइलवर किमचा फोटो दाखवला. त्यांनी डोळे बारीक केले, ओळखलं, आणि भाषांतराच्या ॲपची वाट न बघता बोटं वर केली. आधी नऊ. मग सात. आणि हसले.

1954 चा स्वित्झर्लंडचा वर्ल्ड कप. किम तेव्हा प्रशिक्षक. कोरियन युद्धाची शस्त्रसंधी होऊन वर्षही झालं नव्हतं. पात्रता फेरीत जपानला हरवून आले होते. जपानी संघाला सोलमध्ये पाऊल ठेवू देणार नाही असं कोरियाच्या राष्ट्राध्यक्षांनी ठरवल्यामुळे त्या दोन्ही मॅच तोक्योत झाल्या होत्या. स्वित्झर्लंडची विमानाची तिकिटं जेमतेम जुळली, आणि खेळाडू झुरिकला पोचले ते मॅचच्या आदल्या रात्री. समोर पुश्काश आणि कोचिशचा हंगेरी, तेव्हाचा जगातला सर्वांत भारी संघ. 9-0. बदली खेळाडूची तेव्हा सोयच नव्हती, गोळे आलेल्या पायांनीच उभं राहायचं. तुर्कीकडून 7-0. दोन मॅच, सोळा गोल, परत घरी.

मी आजोबांना उलटा हिशेब दाखवला. एका हाताची पाच बोटं, दुसऱ्याची तीन. त्यांनी मान डोलावली. 1948, लंडन ऑलिंपिक, मेक्सिकोवर 5-3. कोरियाच्या नावाने खेळलेलं पहिलं उन्हाळी ऑलिंपिक, आणि किम तेव्हा 38 वर्षांचा होऊनही मैदानात. रेल्वे, बोट आणि विमान असा वीसेक दिवसांचा प्रवास करून हा संघ लंडनला पोचला. वाटेतल्या टप्प्यांत कलकत्ता होतं आणि आपली मुंबईही होती. त्याच लंडनला कोल्हापूरच्या महाराजांच्या पैशावर गेलेले आपले खाशाबा जाधव कुस्ती खेळत होते, आणि भारताचे बहुतेक अनवाणी फुटबॉलपटू फ्रान्सकडून 2-1 ने हरत होते.

पुढच्या फेरीत कोरियासमोर कोण आलं? स्वीडन. 12-0. बारा वर्षांपूर्वी परक्या जर्सीत ज्यांना हरवलं, त्यांनीच, किम स्वतःच्या देशाच्या जर्सीत असताना, बारा गोल घातले. त्या मॅचबद्दल किमला काय वाटलं असेल, यावर मी त्या पायऱ्यांवर बराच वेळ बसून होतो. मला वाटतं, 12-0 चीच मॅच त्याला जास्त आपली वाटली असेल.

नंतर 1980 मध्ये कोरियाचा पहिला व्यावसायिक क्लब 'हालेलुया' निघाला, तेव्हा पहिला प्रशिक्षक पुन्हा हाच. मार्च 1985 मध्ये तो गेला. त्याच नोव्हेंबरात कोरियाने जपानला हरवून 32 वर्षांनी वर्ल्ड कप गाठला. आठ महिने कमी पडले.

"इंदो?" आजोबांनी मला विचारलं. म्हणजे भारत. मी मान हलवली. "वर्ल्ड कप?" आता काय सांगायचं? 1950 ला जागा मिळाली होती पण गेलोच नाही, हे बोटांनी कसं दाखवणार? मी अंगठा आणि तर्जनी जुळवून शून्य केलं. त्यांनी माझ्या हातावर थोपटलं आणि किंबापचा डबा माझ्यापुढे सरकवला. खाली पोरांनी कॉर्नर घेतला होता.