तीनच ळ

मी करत असलेल्या गेममध्ये एक लग्नपत्रिका उजाडायच्या आत छापून द्यायची आहे. साल १९७४, गाव कराड, रात्रीचे दहा. आजोबा तापाने फणफणलेत, हाताखालचा मुलगा गावी गेलाय आणि छापखान्यात कंदील घेऊन आजी एकटीच आली आहे. पत्रिका जवळजवळ जुळवून झालीय. पण केसमध्ये, म्हणजे धातूचे अक्षरठसे, खिळे, ठेवायच्या घराघरांच्या खणात, ळचे खिळे तीनच उरलेत आणि मजकुरात ळ पाच आहेत. नवऱ्यामुलाचं नाव बाळकृष्ण. मुक्काम पोस्ट पळशी. मंगळवार. सकाळी. इष्टमित्र मंडळींसह.

पहिल्या दोघांना हात लावता येत नाही. उरलेल्या तिघांपैकी कुठल्याही दोघांना बिनळाचा शब्द शोधायचा, हे त्या गेममधलं मुख्य कोडं.

पॉइंट-अँड-क्लिक अ‍ॅडव्हेंचर हा प्रकार ज्यांनी खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. पडद्यावर एखादी जागा दिसते. माउसने एखाद्या वस्तूवर क्लिक केलं की आपलं पात्र चालत तिथपर्यंत जातं, ती वस्तू बघतं, उचलतं, दुसऱ्या वस्तूवर वापरून पाहतं, माणसांशी बोलतं. मारामारी नाही, घाई नाही. मला हा प्रकार १९९८ च्या मे महिन्यात पुण्याला मामाकडे भेटला. १९९० सालचा ‘मंकी आयलंड’ होता तो. त्यात तलवारीची लढाई आहे, पण ती जिंकायची शब्दांनी. समोरचा टोमणा मारतो, आपण चपखल उत्तर दिलं तर तो एक पाऊल मागे सरतो. मी मराठी माध्यमातली, नुकतीच आठवीत गेलेली. मामाची डिक्शनरी मांडीवर घेऊन मी प्रत्येक टोमणा वहीत उतरवून घेतला होता. कॉम्प्युटरवर कुणीतरी आपल्या बोलण्याला असं मोजूनमापून उत्तर देतंय, हे मला त्या सुट्टीत इतकं आवडलं की अजून उतरलेलं नाही.

आता मी एका पतसंस्थेत कर्ज विभागात आहे. गेम करते रविवारी सकाळी आणि अधूनमधून रात्री, जेवणाच्या टेबलावर. सहावं वर्ष चालू आहे. याआधी दोन अगदी छोटे गेम केले, एकेका खोलीचे. हा तिसरा. विकायचा नाही, झाला की फुकट ठेवणार आहे.

साधन म्हणून वापरते अ‍ॅडव्हेंचर गेम स्टुडिओ, म्हणजे एजीएस. ख्रिस जोन्स नावाच्या ब्रिटिश माणसाने ते १९९७ मध्ये फुकट उपलब्ध करून दिलं, पुढे त्याचा सोर्सही खुला झाला आणि आज ते हौशी लोकच सांभाळतात. त्यात खोलीचं चित्र द्यायचं आणि त्या चित्रावर ब्रशने रंगवून सांगायचं की पात्राला कुठे चालता येतं, कशाच्या मागे गेलं की ते झाकलं जातं आणि कुठला भाग ही ‘वस्तू’ आहे. या वस्तूच्या भागाला हॉटस्पॉट म्हणतात. मी मुद्दाम जुना ३२० बाय २०० चा आकार घेतला. एवढ्या लहान चित्रात ट्रेडल, म्हणजे पायाने चालवायचं छपाईचं मशिन, काढायचं तर चाक, पायटा आणि रूळ एवढंच मावतं, आणि मला तेवढंच नीट काढता येतं.

चालण्याची चित्रं हे वेगळं काम. पात्र उजवीकडे चालताना आठ चित्रं, समोर येताना आठ, पाठमोरी आठ. डावीकडची वेगळी काढायची गरज नसते, उजवीकडचीच आरशासारखी उलटवून वापरतात. सगळे तसंच करतात, मीही केलं. आजी डावीकडे निघाली आणि तिचा पदर उजव्या खांद्यावर गेला. माझ्या आजीचा पदर कधी उजव्या खांद्यावर पाहिलेला नाही. म्हणून डावीकडची आठही चित्रं नव्याने काढली. दोन रविवार गेले, पण आता ती दोन्हीकडे चालताना आजीच दिसते.

खरा वेळ खाल्ला तो अक्षरांनी. दीड वर्ष.

एजीएसला ३.६ या आवृत्तीपासून युनिकोड, म्हणजे देवनागरीसकट सगळ्या लिप्यांची अक्षरं, वाचता येतं. पण देवनागरीत अक्षरं ओळखणं हे अर्धंच काम असतं, ती एकमेकांशी जुळवावी लागतात. ते काम हे इंजिन करत नाही. मी ‘निमंत्रण’ लिहिलं तर पहिली वेलांटी न च्या डावीकडे न जाता उजवीकडे जाऊन बसली आणि त्र चे दोन तुकडे होऊन त चा पाय मोडला. गोडो नावाच्या दुसऱ्या एका गेम इंजिनाच्या चौथ्या आवृत्तीत हे सगळं बरोबर होतं, तेव्हा तिकडे जावं का असा विचार बरेच दिवस केला. पण खोल्या, मास्क (ते ब्रशने रंगवलेले भाग), स्क्रिप्ट, सगळं इथे झालं होतं.

ते मोडकं ‘निमंत्रण’ मी बाबांना दाखवलं. बाबा सोळाव्या वर्षापासून आजोबांच्या हाताखाली जुळारी, म्हणजे खिळे जुळवणारे, होते आणि छापखाना बंद झाल्यावर बारा वर्षं डीटीपी करत होते. त्यांनी पडद्याकडे बघितलं आणि म्हणाले, “अगं, वेलांटी आधी लाव की.”

मला कळेना. मग त्यांनी समजावलं. खिळे जुळवताना जे कागदावर डावीकडे दिसतं तेच आधी हातात घ्यायचं. बोलताना न आधी आणि इ नंतर, पण स्टिकमध्ये, म्हणजे खिळे रचायच्या हातातल्या पट्टीत, वेलांटी आधी आणि न नंतर. रफार उलटा, बोलताना आधी आणि खिळ्यांत नंतर. डिग्री पद्धतीत मात्रा-वेलांट्यांचे खिळे सुटे, अखंड पद्धतीत त्या अक्षराबरोबरच ओतलेल्या. आणि डीटीपीच्या जुन्या फाँटमध्ये टायपायची रीतही तीच, वेलांटीची कळ आधी. “मशिनला काही कळत नसतं. जुळाऱ्याला कळायला लागतं,” असं ते म्हणाले.

मग मी तेच केलं. एजीएसच्या जुन्या बिटमॅप फाँटमध्ये २५६ जागा असतात. त्यांत अर्धी अक्षरं, काना, दोन्ही वेलांट्या, रफार, मात्रा असे १७१ तुकडे एकेक ठिपका लावून काढले, उंची सतरा ठिपके. शिवाय पायथन या प्रोग्रामिंग भाषेत एक लहान स्क्रिप्ट लिहिली. मी नेहमीसारखं मराठी टाइप करते, स्क्रिप्ट त्यातली वेलांटी पुढे आणते, रफार मागे नेते आणि प्रत्येक तुकड्याला त्याच्या जागेचा नंबर देते. ह्ण हे जोडाक्षर तर मी फक्त ‘पूर्वाह्णी’ या एका शब्दासाठी काढलं, कारण ‘सकाळी’ला पर्याय म्हणून तोच शब्द गेममध्ये आहे. ‘प्रातःकाळी’ही ठेवलाय. तो निवडला की ळ पुन्हा येतो, आणि आजी स्टिक खाली ठेवून सुस्कारा सोडते.

आता ओळीत जेमतेम तीस अक्षरं मावतात. त्यामुळे वाक्यं आपोआप आखूड झाली, आणि माझी आजी तशीच बोलायची.

वाक्यांचं म्हणाल तर या प्रकारच्या गेमचा जीव मला वाक्यांतच वाटतो, आणि तोही निरुपयोगी क्लिकच्या उत्तरांत. कोडं सोडवायला पंधरा-वीस क्लिक पुरतात. पण खेळणारा शेकडो करतो. रॉकेलचा डबा ट्रेडलवर वापरून बघतो, शाई कंदिलावर, स्टिक खिडकीवर. माझ्याकडे अकरा वस्तू आणि चौतीस हॉटस्पॉट आहेत, म्हणजे नुसत्या वापरून बघण्याच्याच ३७४ जोड्या झाल्या. एजीएसमध्ये सोय आहे, जिथे उत्तर लिहिलेलं नाही तिथे एकच ठरलेलं वाक्य येतं. ‘असं करता येणार नाही.’ मी खेळाडू असताना या वाक्याने मला फार एकटं वाटायचं. मी काहीतरी सुचून केलं आणि समोर कुणीच नव्हतं, असं. म्हणून मी ३७४ पैकी आतापर्यंत २९० उत्तरं लिहिली आहेत आणि उरलेलीही लिहिणार आहे.

भाचा सातवीत आहे. त्याला खेळायला दिलं तर त्याने पंचांग बघितलं नाही, काही नाही. सरळ ल चा खिळा उचलला आणि मंगळवारातल्या ळच्या जागी ठेवला. “आत्या, मंगलवार. झालं!” ही जोडी माझ्या डोक्यातच आली नव्हती. त्या रात्री बसून उत्तर लिहिलं. आजी म्हणते, “असं करत गेलं तर पळशीची पलशी होईल. वऱ्हाड वाटेत पुसत बसेल.” मला हे वाक्य पूर्ण गेममध्ये सगळ्यात प्रिय आहे.

पंचांगावरूनही एक गोष्ट शिकले. आधीच्या मांडणीत खेळाडू खोलीत आला की भिंतीवरच्या पंचांगात त्याला लगेच ‘भौमवार’, म्हणजे मंगळवारच, दिसायचा. मग ळ कमी पडतोय हे कळायच्या आधीच उत्तर खिशात. रॉन गिल्बर्ट, ज्याने १९८७ साली ‘मॅनिअ‍ॅक मॅन्शन’ केला आणि नंतर ‘मंकी आयलंड’, त्याने १९८९ मध्ये अ‍ॅडव्हेंचर गेम कुठे चुकतात यावर एक लेख लिहिला होता. त्याची एक तक्रार नेमकी हीच: कुलूप दिसायच्या आधी किल्ली हातात देऊ नका. म्हणून आता आधी पंचांगावर क्लिक केलं तर आजी “यंदाचंच आहे” एवढंच म्हणते. केसमधलं ळचं घर रिकामं झालेलं बघितलं की मग ती पान उलटते. दाराला चिकटवलेल्या मुंजीच्या पत्रिकेचं आणि नमुन्यांच्या फायलीतल्या ‘आप्तेष्टांसह’चंही तसंच केलं.

आणि हॉटस्पॉटला नाव द्यावं लागतं. माउस त्यावर नेला की खाली नाव उमटतं, त्यामुळे ‘काहीतरी लोखंडी’ असं चालत नाही. छापखाना बंद झाला तेव्हा मी सहा वर्षांची होते. मला वास आठवतो, शाई आणि रॉकेलचा, वस्तूंची नावं नाहीत. प्रत्येक नावासाठी बाबांकडे जावं लागलं. गॅली, फर्मा, क्वाड, लेडच्या पट्ट्या. एक फोटो नाही त्या जागेचा. मी कागदावर काढायचे आणि बाबा खोडायचे. “खिडकी इकडे नव्हती, उजेड डाव्या हाताने यायचा.” खिडकी तीनदा हलली.

गेल्या महिन्यात बाबांनी पहिल्यांदा पहिल्यापासून शेवटपर्यंत खेळून पाहिलं. चष्मा सावरत, एका बोटाने. रॉकेलचा डबा मशिनच्या उजव्या पायाशी हवा म्हणाले, हलवला. ‘भौमवार’ त्यांना पंचांग न बघताच सुचला, आणि गेम तो घेईना म्हणून ते जरा नाराज झाले. त्यांना पंचांगापर्यंत मीच नेलं. पत्रिका छापली गेली, उजाडलं, आजीने कंदील मालवला, पडदा काळा होऊ लागला.

बाबा क्लिक करतच होते. फर्म्यावर, म्हणजे चौकटीत आवळलेल्या खिळ्यांवर.

“काय शोधताय?” मी विचारलं.

“खिळे परत घरात कोण टाकणार? तसेच ठेवून गेली तर उद्या आजोबा काय करतील?”

गेमला मी पत्रिका छापल्यावर संपवलं होतं. पण जुळाऱ्याचं काम तिथे संपत नाही. फर्मा सोडवायचा, खिळे रॉकेलने धुवायचे आणि एकेक करून आपापल्या घरात टाकायचे. ते करताना आजोबा कधी बघत नसत, हात बरोबर जायचा, असं बाबा सांगतात.

तर आता एक शेवटचा प्रवेश वाढवतेय. त्यात कोडं नाही, अडथळा नाही. फक्त पत्रिकेतले खिळे एकेक उचलून त्यांच्या त्यांच्या घरात टाकायचे, बाहेर कोंबडा आरवतोय. त्यासाठी केसमध्ये कुठलं अक्षर कुठे असायचं ते हवं होतं. बाबा डोळे मिटून हात हवेत फिरवतात आणि सांगतात, मी चौकोनात लिहून घेते. ळचं घर मिळालं, उजवीकडे खालून दुसरं. अकरा घरं अजून आठवायची आहेत.