काळम्मावाडीचे पाणी आणि चार पुस्तके

रविवार, रात्री उशिरा

सकाळपासून पाऊस थांबलेला नाही. इथे कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेने 39 फुटांची इशारा पातळी ओलांडल्याचे दुपारीच समजले. बाहेर जाण्याचे काही कारणही उरले नव्हते, म्हणून कृष्णात खोत यांच्या ‘रिंगाण’ची राहिलेली पाने आज वाचून संपवली. दुसऱ्यांदा वाचली, आणि ती पहिल्या वेळेपेक्षा अधिक खोलवर गेली. त्याचे कारण असे की, या वेळी ही कादंबरी मी सुटी वाचलेली नाही. तिच्याआधी आपल्याच जिल्ह्याच्या मातीतली आणखी तीन पुस्तके एकापाठोपाठ एक वाचली आणि मगच हिच्याकडे आले.

हे सारे सुरू झाले ते भाचीच्या फोनमुळे. ती पुण्याला नोकरी करते आणि मराठी वाचन सुटत चालल्याची तिला खंत आहे. “आत्या, मला एकच पुस्तक सांग, पण डोक्यातून जाणार नाही असं सांग,” असे ती म्हणाली. मी तिला एकाऐवजी चार सांगितली आणि वाचण्याचा क्रमही सांगितला. ‘झोंबी’, मग ‘गोतावळा’, मग ‘झाडाझडती’ आणि शेवटी ‘रिंगाण’. फोनवर कारणे सांगता आली नाहीत, ती आज सविस्तर लिहून ठेवते.

आनंद यादव यांचे ‘झोंबी’ 1987 साली प्रसिद्ध झाले आणि 1990 चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. कागलमधल्या एका मुलाच्या शिकण्याच्या धडपडीची ही आत्मकथा आहे. वडील शाळा बंद करून त्याला शेताला जुंपतात. आई आणि मुलगा गावातल्या दत्ताजीराव देसायांकडे गाऱ्हाणे नेतात, देसाई वडिलांना बोलावून खडसावतात आणि अखेर वडील परवानगी देतात. पण सकाळी अकरापर्यंत शेतात काम करायचे, मग शाळा, आणि शाळा सुटल्यावर पुन्हा गुरे राखायची, अशा अटी घालूनच. याच भागाचा हिंदी अनुवाद बारावीच्या हिंदीच्या पाठ्यपुस्तकात ‘जूझ’ या नावाने आहे, त्यामुळे देशभरातल्या कितीतरी मुलांना कागलचा हा आनंदा ठाऊक आहे. आपल्याकडच्या मुलांनी मात्र तो मूळ मराठीत वाचला आहे की नाही, याची मला शंका वाटते.

मी स्वतः मराठी शिकवते, त्यामुळे या पुस्तकातला सौंदलगेकर मास्तरांचा भाग माझ्या विशेष जिव्हाळ्याचा आहे. मास्तर कविता नुसती समजावून सांगत नाहीत, ते ती चालीवर म्हणतात, हातवारे करून उभी करतात. त्या कविता घोकत मुलगा पिकाला पाणी पाजतो, गुरे राखतो. एरवी एकट्याने काम करण्याचा त्याला कंटाळा यायचा. पण आता मोठ्याने म्हणता यावे, कुणी ऐकू नये, म्हणून एकांतच बरा वाटू लागतो. पुढे त्याला स्वतःच्या ओळी सुचू लागतात. कागद-पेन्सिल जवळ नसले की तो काटकीने म्हशीच्या पाठीवर रेघा ओढून कविता लिहितो, नाहीतर खड्याने दगडाच्या शिळेवर, आणि पाठ झाली की पुसून टाकतो. शिक्षकी पेशात असलेल्या प्रत्येकाने हे पान स्वतः वाचावे आणि वर्गात मोठ्याने वाचून दाखवावे, असे मला मनापासून वाटते. नववीच्या मुलांसमोर ते वाचले, तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले की, म्हशीने ते लिहू दिले का? घरी म्हशी असलेल्या मुलालाच हा प्रश्न सुचू शकतो.

या चारही पुस्तकांत जनावरे पुन्हा पुन्हा भेटतात, हे मला या सलग वाचनातच पहिल्यांदा जाणवले. आपण कोल्हापूरकर गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर समोर पिळलेले धारोष्ण दूध पितो, दिवाळीच्या पाडव्याला सजवलेल्या म्हशी पाहायला पोराबाळांना घेऊन जातो. तरीही ज्या घरात माणूस आणि जनावर एकाच छपराखाली वाढले, त्या घराचे मन आतून पाहायचे असेल, तर यादवांची ‘गोतावळा’ (1971) वाचायलाच हवी. नारबा हा शेतावर राबणारा गडी. त्याला स्वतःचे म्हणावे असे माणसांतले कुणी नाही; शेतावरची जनावरे हाच त्याचा गोतावळा. मालक ट्रॅक्टर आणायचे ठरवतो, आणि जनावरे एकेक करून जाऊ लागतात. सारी कादंबरी नारबाच्या तोंडून, कागलकडच्या बोलीत सांगितलेली आहे. कारखानदारी आणि सहकार यांमुळे आपल्या भागाची जी भरभराट झाली, तिचा मला अभिमान आहे. ती होत असताना शेतातल्या गड्याचे काय झाले, हे नारबाइतक्या जवळून दुसऱ्या कुणी सांगितलेले मी तरी वाचलेले नाही. बोलीची सवय नसलेल्या वाचकाने पहिली वीसेक पाने मोठ्याने वाचावीत, मग कानच पुढे नेतो. पुण्या-मुंबईच्या वाचकांना मी हे आवर्जून सांगते. आमच्या गल्लीतल्या आजींना तशी गरज पडली नाही. त्यांच्या सुनेने वाचून दाखवायला सुरुवात केली आणि आजी मध्येच पुढचे वाक्य स्वतःच पुरे करू लागल्या.

विश्वास पाटील यांच्या ‘झाडाझडती’बद्दल थोडक्यातच लिहिते, कारण ती अनेकांनी वाचलेली आहे. तिला 1992 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. धरणाखाली जाणाऱ्या गावाची, खैरमोडे गुरुजींसारख्या सरळ माणसाची आणि पुनर्वसनाच्या न संपणाऱ्या हेलपाट्यांची ही कहाणी आहे. नोटिसा, मोबदला, पर्यायी जमीन, शिक्के आणि सह्या यांचा पसारा मोठा असल्यामुळे काही वाचक मधली पाने उलटून पुढे जातात. त्यांना माझी विनंती आहे की, तसे करू नये. विस्थापिताच्या आयुष्यातली वर्षेच्या वर्षे ज्या कागदपत्रांत जातात, ती वाचताना आपण पाच मिनिटेही दमू नये. आमच्या शेजारचे काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले आहेत. त्यांना मी हे पुस्तक थोडे भीत भीतच दिले होते. परत करताना त्यांनी एकच गोष्ट सांगितली, की मोजणीच्या दिवशी घरातल्या बायका चूल पेटवत नसत, आणि ते त्यांनी नोकरीच्या काळात प्रत्यक्ष पाहिले होते. मी पुस्तक ठेवून घेतले आणि आम्ही दोघे बराच वेळ त्याविषयीच बोललो.

आता ‘रिंगाण’. कृष्णात खोत हे पन्हाळा तालुक्यातल्या निकमवाडीचे. त्यांच्या ‘गावठाण’पासून मी त्यांचे लेखन वाचत आले आहे. ‘रिंगाण’मध्ये धरणामुळे गाव उठले आहे, माणसे नव्या जागी गेली आहेत, पण म्हशी मागेच राहिल्या आहेत. त्यांतल्या आपल्या म्हशीसाठी देवाप्पा पुन्हा जुन्या गावाच्या दिशेने निघतो. जी म्हैस दावणीला होती, ती आता रानाची झाली आहे आणि त्याला ओळखायला तयार नाही. पुढचा बराचसा भाग म्हणजे माणूस आणि म्हैस यांची रानातली झुंज आहे. एवढ्याशा कथेवर कादंबरी कशी उभी राहते, असा प्रश्न वाचण्यापूर्वी पडेल. मलाही पडला होता. पण देवाप्पाच्या मनात उठलेले गाव, नवी वसाहत, सोबतची माणसे हे सारे एकसारखे ढवळून निघत असते आणि वाचता वाचता आपल्याला कळून चुकते की, परत यायला नकार देणारी ती म्हैस त्याच्याच मनातली गोष्ट करते आहे. ‘झोंबी’तल्या म्हशीच्या पाठीवर एक मुलगा कविता लिहीत होता, त्याच जिल्ह्यात, काही दशकांनंतर, म्हैस माणसावर शिंगे रोखून उभी आहे. ही दोन पुस्तके अशी लागोपाठ वाचल्याशिवाय मधल्या काळात काय घडले, ते पुरतेपणी उमगत नाही.

आणि इथेच मला जे प्रामुख्याने नोंदवायचे आहे ते येते. 2023 च्या दिवाळीच्या सुमारास काळम्मावाडीच्या धरणातून थेट जलवाहिनीने कोल्हापूर शहरात पाणी आले. त्याआधी शहराची तहान मुख्यतः बालिंगा आणि शिंगणापूर इथल्या नदीच्या उपशावर भागत असे, आणि पंचगंगेच्या प्रदूषणाच्या बातम्या वाचून आम्ही पाणी उकळून पीत असू. नवे पाणी आले त्याचा आनंद खराच होता, आणि तो मीही घेतला. त्यानंतर थोड्याच दिवसांत, डिसेंबरात, ‘रिंगाण’ला साहित्य अकादमी पुरस्कार जाहीर झाला. शहरात दोन्ही गोष्टींचे कौतुक झाले, पण ती दोन कौतुके एकमेकांशी कुणी जोडल्याचे माझ्या ऐकण्यात आले नाही. आपल्या नळाला येणारे पाणी ज्या खोऱ्यात साठते, तिथे एके काळी घरे होती, गोठे होते, दावणी होत्या. धरणग्रस्तांच्या वसाहती आजही जिल्ह्यात ठिकठिकाणी आहेत आणि तिथली मुले आपल्याच शाळांत शिकतात. माझ्या एका विद्यार्थ्याच्या घरच्या लग्नपत्रिकेवर वसाहतीच्या नावाच्या वर, ठळक अक्षरांत, पाण्याखाली गेलेल्या जुन्या गावाचे नाव छापलेले होते. पत्रिका देताना त्याच्या आजीने त्या नावावर बोट ठेवून, “हे आमचं गाव,” असे मला सांगितले.

धरणे नकोत असे मी म्हणत नाही. राजर्षी शाहू महाराजांनी राधानगरीच्या धरणाचा ध्यास घेतला नसता, तर आजचे हिरवे कोल्हापूर दिसले नसते, हे आम्ही मुलांना शिकवतो आणि ते योग्यच आहे. मात्र लाभक्षेत्रात राहणाऱ्यांनी बुडीत क्षेत्राची पुस्तके वाचलीच पाहिजेत, असे माझे ठाम मत झाले आहे. ज्यांना वेळ फारच कमी आहे, त्यांनी निदान ‘झोंबी’ आणि ‘रिंगाण’ ही दोन वाचावीत. ज्यांच्या घरी शेती आहे, त्यांनी ‘गोतावळा’पासून आरंभ करावा. सरकारी नोकरीत असलेल्या माणसाला मी सर्वांत आधी ‘झाडाझडती’ देईन. कॉलेजातल्या मुलांना मात्र क्रम बदलू नका असे सांगेन, कारण आनंदाशी मैत्री झाली की देवाप्पा परका वाटत नाही.

विकत घेणे शक्य नसेल त्यांच्यासाठी आपल्या शहरात 1850 साली स्थापन झालेले करवीर नगर वाचन मंदिर आहे. मी लहानपणी वडिलांचे बोट धरून तिथे गेले होते, आणि अजूनही तिथल्या कपाटांपुढे उभी राहिले की घरी परतण्याची घाई होत नाही. पुढच्या वाचनासाठी राजन गवस यांचे ‘तणकट’ मनात आहे. गावातल्या जातींचे ताण आणि चळवळीची होणारी ओढाताण त्यांनी ज्या धीटपणे मांडली आहे, तिच्याकडे पुन्हा एकदा जायचे आहे. भाचीसाठी ‘झोंबी’ची प्रत बांधून ठेवली आहे. पुराचे पाणी उतरून रस्ते मोकळे झाले की ती कुरिअरने पाठवीन, आणि सौंदलगेकर मास्तरांच्या पानाला खूण घालीन. बाकीची तीन तिने स्वतः विकत घ्यावीत, असे तिला बजावले आहे.