ऑइलची लेव्हल चढत होती

ट्रॅक्टरच्या सम्पचा, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याचा, ड्रेन बोल्ट काढून खाली घमेलं धरलं, तरी ऑइल येईना. मग काकवीसारखी एक जाड तार सुटली आणि मध्येच लोंबकळत राहिली. इंजिन नुकतंच बंद केलेलं, हात लावता येणार नाही इतकं गरम. अशा वेळी ऑइल भळाभळा यायला हवं.

माझं काम पंप-नोझलचं: डिझेल दाबानं पुढे ढकलणारा पंप आणि ते सिलिंडरमध्ये फवारणारं नोझल. सांगली भागातले ट्रॅक्टर, विहिरीवरची इंजिनं, जुन्या गाड्या. इंजिन ऑइल हे माझ्या बाकावरचं काम नाही. पण या ट्रॅक्टरची तिन्ही नोझलं पुन्हापुन्हा चोक होत होती आणि आधीचा मिस्त्री दर वेळी नवी घालून पैसे घेत होता. नोझल का चोक होतंय हे न विचारता नोझल विकायचं, हा आमच्या धंद्यातला जुना रोग आहे आणि मला त्याची चीड येते.

नोझल हातात घेतल्यावरच शंका आली होती. डिझेलची काजळी घासली की निघते. हा थर चिवट होता, भोकांच्या तोंडाशी वाढत आलेला, आणि भोक असतं जेमतेम पाव मिलिमीटरचं. मालकांना सरळच विचारलं, "टाकीत काय घालता?" घरचा फरसाणाचा धंदा. तळणीचं उरलेलं पामतेल कापडातून गाळून, डिझेलात निम्मंनिम्मं. हे त्यांनी काही लपवलं नाही. उलट म्हणाले, "गाडी मस्त चालते, मिस्त्री. आणि ऑइल तर कधी कमीच होत नाही बघा, लेव्हल वरच असते."

हे वाक्य अजून माझ्या डोक्यातून जात नाही. ज्या खुणेनं त्यांनी घाबरायला हवं होतं, तिचाच त्यांना आनंद होता.

डिझेलची चिकटाई 40 अंशांना 2 ते 4.5 सेंटिस्टोक्स (चिकटाई मोजायचं एकक) असते. खाद्यतेलाची त्याच तापमानाला 30 ते 40, म्हणजे जवळपास दहापट. बोलून पटलं नसतं, म्हणून त्यांना नोझलचा फवारा तपासायच्या हातपंपापाशी, टेस्टरपाशी, उभं केलं. नवं नोझल, तेच प्रेशर. डिझेलवर हँडल दाबलं की नोझल करकरतं आणि धुकं सुटतं. थंड पामतेलावर एक सरळ धार आली, समोरच्या पत्र्यावर आपटून ओघळली. मग तेल 80 अंशांपर्यंत तापवून दाखवलं. फवारा उघडला, पण डिझेलइतका नाही. त्यांनी स्वतः हँडल दाबून बघितलं आणि मग बराच वेळ काही बोलले नाहीत.

ती धार सिलिंडरमध्ये पूर्ण जळत नाही. न जळलेलं तेल लायनरवरून, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवरून, पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून खाली सम्पमध्ये उतरतं. डिझेल असं उतरलं तर त्यातलं बरंचसं गरम इंजिनात उडून जातं. खाद्यतेल उडत नाही. ते साठत जातं, लेव्हल वर चढते, आणि उष्णतेनं, हवेनं त्याचे रेणू एकमेकांत गुंतून सगळं ऑइल घट्ट होतं. इंजिनाच्या मिस्त्रीनं पुढे खोललं तेव्हा रिंगा खाचांत चिकटलेल्या आणि बेअरिंगवर रेषा पडलेल्या. पंप मात्र शाबूत होता, कारण तो इनलाइन जातीचा, म्हणजे ऑइलवर वंगण घेणारा होता. डिझेलवरच वंगण घेणारा रोटरी पंप असता तर थंडीच्या सकाळी जाड तेल ओढताना तोही गेला असता.

मालकांच्या मुलानं मला ऐकवलं, "हे इंजिन शोधणाऱ्या डिझेलसाहेबांचं इंजिन शेंगतेलावर चालायचं की!" खरं आहे. 1900 च्या पॅरिस प्रदर्शनात एक लहान डिझेल इंजिन शेंगतेलावर चालवून दाखवलं होतं. पण त्यानंतर शंभर वर्षं पंप, नोझल, भोकं, सगळं खनिज डिझेल डोळ्यांसमोर ठेवून घडत गेलं. इंजिन सुरू होणं वेगळं आणि हजार तास टिकणं वेगळं. चालू इंजिनाचे व्हिडिओ टाकणारे सम्पचा बोल्ट काढून का दाखवत नाहीत?

मी तेलाच्या विरोधात नाही. मिथेनॉल (एक अल्कोहोल) आणि कॉस्टिक सोडा वापरून तेलातलं ग्लिसरीन वेगळं काढलं की चिकटाई चार-पाचवर येते. तेच बायोडिझेल. पण मिथेनॉल विषारी, त्याची ज्योत उजेडात दिसत नाही, आणि वारंवार तापलेल्या तेलातली आम्लं कॉस्टिकशी मिळून साबण होतो. घरच्या पिंपात करायचं हे काम नव्हे. 2018 पासून 25 टक्क्यांपेक्षा जास्त पोलर घटक (तेल पुन्हापुन्हा तापून बिघडलं की वाढणारे) असलेलं तेल तळणीला चालत नाही, आणि असं तेल गोळा करून बायोडिझेलकडे वळवण्याची सरकारी योजनाही आहे. मालकांना ते सांगितलं. त्यांनी विचारलं, "दर किती देतात?" आकडा ऐकून गप्प झाले. डिझेलच्या भावापुढे तो फारच कमी. त्यांचं गणित मला चूक म्हणता येत नाही.

आता त्यांना विहिरीवरचं जुनं, मंद फेऱ्यांचं इंजिन तेलावर चालवायचंय. मी हो म्हटलंय, पण अटी कागदावर लिहून दिल्या आहेत. टाक्या दोन. सुरू आणि बंद डिझेलवरच. तेल इंजिनाच्याच गरम पाण्यावर 70-80 अंशांपर्यंत तापवूनच आत सोडायचं. इंजिन ऑइल नेहमी जितक्या तासांनी बदलतात त्याच्या निम्म्या तासांनीच बदलायचं, आणि डिपस्टिकवर लेव्हल चढलेली दिसली तर त्याच दिवशी इंजिन थांबवायचं. पावसाळ्याआधी नोझल काढून मी स्वतः बघणार आहे. टोकाला तोच चिवट थर दिसला, तर तेल बंद.