कान्हेरीचं हिंदी निवेदन: तिसरा महिना

मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातल्या कान्हेरी लेण्यांवरचे पहिले चार व्हिडिओ मराठीत झाले. हिंदी निवेदनही मीच करायचं ठरवलं. लहानपणापासून बोलतोय, त्यात काय अवघड, असं वाटलं होतं. बोरिवलीत रिक्षावाल्याशी बोलायची हिंदी वेगळी आणि हेडफोन लावून स्वतःचीच ऐकायची हिंदी वेगळी, हे पहिल्याच टेकला कळलं.

खरी अडचण लिपीची आहे. इंग्रजी वाचताना आपण सावध असतो. हिंदीत अक्षरं आपलीच, त्यामुळे जीभ बिनधास्त मराठी वाचत सुटते. तीन नंबरचं लेणं घ्या. हे चैत्यगृह, म्हणजे बौद्ध प्रार्थनागृह, सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळातलं. मी म्हणालो ‘यद्न्यश्री’. हिंदीत ते ‘यग्यश्री’. कान्हेरीचं जुनं नाव कृष्णगिरी, तिथे माझा ‘क्रु’ आणि त्यांचा ‘क्रि’. ‘चढ़ाई’तला च मी आपल्या ‘चढ’सारखा दातांवर आणला, हिंदीत तो ‘चार’मधल्यासारखा हवा. स्क्रिप्टमध्ये यातली एकही चूक दिसत नाही.

आमच्या मजल्यावर अलाहाबादकडच्या एक काकू राहतात. त्यांना रेकॉर्डिंग ऐकवलं, तर ‘व्यापारियों के पैसे से’ इथे त्यांनी हात वर केला. “बेटा, पइसे नहीं.” त्यांनी तोच शब्द चार वेळा सावकाश म्हणून दाखवला. आपला ऐ म्हणजे अ आणि इ जोडून. त्यांचा एकच लांब स्वर, ‘बॅट’मधल्या ॅच्या जवळचा, पण तोंड त्याहून कमी उघडून. ‘और’चंही तसंच, ते ‘ऑ’कडे झुकतं. मग मी सगळीकडे तेच लावत गेलो आणि ‘तैयार’ बिघडवला, कारण ऐच्या पुढे य आला की हिंदीतही अइच राहतो.

आता प्रत्येक पानावर ऐ, औ, ज्ञ आणि ऋ लाल पेन्सिलीनं गोल करतो. काकूंच्या आवाजात एक परिच्छेद फोनवर घेतला आहे. तो कानात लावून अर्धा सेकंद मागे राहत सोबत बोलायचं, रोज पंधरा मिनिटं. माझ्या मते कुठल्याही उच्चार-तक्त्यापेक्षा हे जास्त कामाला येतं, कारण वाक्याची चालही सोबत येते. मराठी वाक्य मी शेवटी जरा दाबतो. ती सवय हळूहळू सुटतेय.

तांत्रिक बाजू थोडक्यात: कपड्यांचं कपाट उघडं, मागे दोन गोधड्या, पंखा बंद, वेळ शेवटची लोकल गेल्यावरची. माइक तोंडापासून वीतभर आणि जरा तिरका, म्हणजे प-फचा फुत्कार थेट लागत नाही. रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झवर, आवाजाची टोकं उणे ६ डेसिबलच्या खाली. सुरुवातीला वीस सेकंद खोलीची नुसती शांतता रेकॉर्ड करतो, ऑडॅसिटी या आवाज-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये गोंगाट काढायला तोच नमुना लागतो. आणि वाक्य चुकलं की पूर्ण वाक्य परत. शब्द मध्येच चिकटवला की सूर तुटतो, ऐकणाऱ्याला ते लगेच कळतं.

एका गोष्टीवर मात्र मी अडून बसलो. उद्यानातल्या तलावाचं नाव हिंदीत सगळे ‘तुलसी’ म्हणतात, मी ‘तुळशी’च ठेवलं. गावाचं, पाण्याचं नाव तिथली माणसं म्हणतात तसंच म्हणावं. अंतिम टेक ऐकताना काकू तिथे थांबल्या, “ये वाला अक्षर फिर से बोलो” म्हणाल्या आणि जीभ मागे वळवून स्वतःच तो ळ दोनदा म्हणून बघितला.