दंड आणि ‘दोनच मिनिटं’

आज ऑफिसात एक सहकारी तावातावाने सांगत होता, दिव्यांगांच्या राखीव जागेत गाडी लावली म्हणून दंड बसला, आता अपील करणार. कारण? “दोनच मिनिटं गेलो होतो, आणि जागा रिकामीच तर होती.” अरे बाबा, ती रिकामी असायलाच हवी ना!

अपील करूच नये असं नाही. जमिनीवरचं चिन्ह पुसलं गेलंय, पाटी झाडाआड आहे, दिव्यांग पार्किंगचा परवाना असूनही तो डॅशबोर्डवरून खाली घसरलाय, तर फोटो जोडून जरूर भांडा. दिसायला धडधाकट माणसालाही हृदयाचा, फुप्फुसाचा आजार असू शकतो, त्यालाही ही जागा लागू शकते. पण या पठ्ठ्याकडे परवानाही नाही नि आजारही नाही.

त्या राखीव जागेशेजारचा, जमिनीवर रंगवलेला पट्ट्यापट्ट्यांचा भाग त्याला ‘वाया गेलेला’ वाटतो. व्हीलचेअर वळायलाच साधारण दीड मीटर लागतो. दार सताड उघडायचं, खुर्ची काढून उलगडायची, सीटवरून तिच्यावर सरकायचं, सगळं तिथेच. त्या पट्ट्यांवर कुणी नुसती स्कूटर लावली तरी परत आलेल्या माणसाला स्वतःच्याच गाडीत बसता येत नाही.

वर मलाच म्हणतो, अर्ज तपासून दे. शुद्धलेखन तपासून देईन म्हटलं, अपिलाचं कारण मात्र तुझं तूच शोध.