बेकारी भत्ता आणि कारण क्रमांक २: माझा अनुभव

कारखान्यातून कमी केलेल्या कामगाराचा ई.एस.आय.चा (कर्मचारी राज्य विमा योजनेचा) बेकारी भत्ता अडतो तो बहुधा एका आकड्यावर. हा आकडा पगारपत्रक करणाऱ्या ऑफिसात पडतो, कामगाराला कोणी दाखवत नाही, आणि दावा परत आला की मगच त्याचं नाव ऐकू येतं. माझा दावा तिथेच अडकला होता. राग अजून गेलेला नाही, म्हणून आधी तेच सांगतो.

मालक दरमहा ई.एस.आय.च्या पोर्टलवर वर्गणी भरतो. ज्याची हजेरी शून्य, त्याच्यापुढे कारणाचा क्रमांक टाकावा लागतो. २ म्हणजे नोकरी सोडली, ३ निवृत्त, ९ संप किंवा टाळेबंदी, १० कामगार कपात, ११ काम नाही. कपात झालेल्या माणसापुढे १० हवा. ऑफिसवाले सरसकट २ ठोकून मोकळे होतात. हा भत्ता ज्यातून मिळतो त्या राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेत पैसे मिळतात ते कारखाना बंद पडला, कपात झाली किंवा कामाशी संबंध नसलेल्या दुखापतीने किमान ४० टक्के कायमचं अपंगत्व आलं तरच. नोकरी सोडणारा त्यात बसत नाही. म्हणजे २ पडला की दावा संपला.

हा प्रत्येक वेळी निष्काळजीपणा नसतो. १० टाकला की कपात केल्याची कबुली होते, आणि मग औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम २५-फ प्रमाणे एक महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार, शिवाय वर्षामागे १५ दिवसांच्या पगाराची भरपाई गळ्यात येते. (माझं प्रकरण या जुन्या कायद्याखालचं; २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता आली.) म्हणूनच हिशोबाच्या कागदात ‘मी स्वखुशीने काम सोडत आहे’ ही ओळ हळूच घुसवलेली असते. त्याखाली सही झाली, की पुढे कोणापुढेही डोकं आपटून उपयोग नाही. ओळ खोडायला लावा, नाहीतर ‘कपातीमुळे, हरकत राखून’ असं सहीशेजारी स्वतःच्या हाताने लिहा. हिशोब थांबवतो म्हणून धमकावतील. धमकावू द्या.

२ चा १० कसा होतो? तोंडी विनंतीने होत नाही. कंपनीला स्पीड पोस्टाने पोचपावतीसह अर्ज पाठवायचा. त्यात तीन मागण्या: कारण दुरुस्त करा, कामाची शेवटची तारीख दुरुस्त करा, दाव्याच्या फॉर्मवर दाखला द्या. सोबत कपातीच्या नोटिशीची झेरॉक्स. एक प्रत ई.एस.आय.च्या शाखा कार्यालयात देऊन तिच्यावर आवक शिक्का घ्यायचा, दुसरी सहायक कामगार आयुक्तांकडे. कपातीची सूचना मालकाने सरकारलाही द्यायची असते. त्या सूचनेची प्रत लेबर ऑफिसातून मिळवा, माहितीच्या अधिकारात का होईना. मालकाने सरकारला कपात म्हणून कळवलं आणि पोर्टलवर ‘नोकरी सोडली’ म्हटलं, हे दोन कागद शेजारी ठेवले की टेबलापलीकडची भाषा बदलते. ‘बसत नाही’ असं कोणी म्हणालं तर शांतपणे म्हणायचं, साहेब, कारणासह लिहून द्या. लेखी नकार हातात असला तर कर्मचारी विमा न्यायालयात जाता येतं. पण मूळ दावा, रक्कम देय झाल्यापासून १२ महिन्यांच्या आत केलेला असावा.

पैसे किती? पहिले १२ महिने सरासरी रोजाच्या ५० टक्के, पुढचे १२ महिने २५ टक्के. रोज ६०० असेल तर आधी ३००, नंतर १५०. नोकरी जाण्याआधी किमान दोन वर्षांची वर्गणी हवी. कंत्राटाची मुदत संपून गेलेल्यांना मात्र अवघड आहे, कारण कंत्राट पुढे न वाढवणं ही कायद्याने कपात धरली जात नाही.

आता प्रशिक्षणाचं. भत्ता चालू असताना नवं कौशल्य शिकायला ई.एस.आय. फी आणि प्रवासखर्च देते, पण त्याने २४ महिन्यांची कमाल मर्यादा वाढत नाही. खरी गोची होते ती एखादी कंपनी ‘ट्रेनी’ म्हणून घेते आणि तुमच्याच विमा क्रमांकावर वर्गणी भरू लागते तेव्हा. पोर्टलच्या लेखी तुम्ही नोकरीला लागलात, भत्ता बंद. शिकाऊ उमेदवार कायदा, १९६१ खाली नोंदलेला उमेदवार ई.एस.आय.च्या कक्षेबाहेर असतो, पण ठरलेली मुदत लांबवली की २०१० च्या दुरुस्तीनंतर जुन्या ई.एस.आय. कायद्यात तोही कर्मचारी ठरत होता. म्हणून रुजू होण्याआधी शिकाऊ उमेदवारीच्या करारनाम्याचा नोंदणी क्रमांक मागा. नुसत्या ट्रेनीच्या पत्रावर जाऊ नका.

हे आधीच सांगायला हवं होतं: आधार, पासबुक आणि ई.एस.आय. कार्डावरचं नाव एक करून घ्या. आपल्याकडे तेलुगू आडनावं तीन कागदांवर तीन तऱ्हेने लिहिलेली असतात, आणि पैसे बँकेच्या दारातून परत जातात.

‘दाखल्याचं जमत नसेल तर अटलचा फॉर्म भरा’ असा सल्लाही मिळेल. अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत मालकाच्या दाखल्यासाठी थांबावं लागत नाही हे खरं. पण ती आयुष्यात एकदाच, जास्तीत जास्त ९० दिवस. ती मुदतवाढीवर चालते, तेव्हा चालू आहे का ते आधी बघा. कपातीचा कागद ज्याच्या हातात आहे त्याने २४ महिने सोडून ९० दिवसांवर समाधान का मानावं?

भत्त्याच्या काळात घरच्यांचं औषधपाणीही ई.एस.आय. दवाखान्यात चालू राहतं. मंजुरीचं पत्र कार्डासोबत ठेवा. आणि २१ नोव्हेंबर २०२५ नंतर कपात झालेल्यांनी आणखी एक विचारायचं: नव्या औद्योगिक संबंध संहितेप्रमाणे पुनर्कौशल्य निधीतून १५ दिवसांचा पगार ४५ दिवसांत खात्यावर यायला हवा. तो भरपाईहून वेगळा असतो, हिशोबात मिसळू देऊ नका.